लॉन्स चांगलं आहे, पण आमची वाडी कमर्शियल झोन करायला आमची हरकत आहे

पुण्याजवळ मुळशीकडे जाणाऱ्या पौड रोडवरून आत वळलं की आमच्या वाडीच्या तोंडाशी जे लॉन्स आहे त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मालकाशी आमचं भांडण नाही आणि अशी लॉन्स भूगावपासून पिरंगुटच्या पुढेपर्यंत इतकी झालीयेत की एकाचं नाव घेऊन काही साधणार नाही. मी तिथं पाहुणी म्हणून जेवलेय, पुतण्याचं लग्न आम्ही तिथंच केलं, आणि त्याच्या मागच्या कंपाउंडपासून दोन खाचरं सोडून आमचं घर आहे, म्हणजे आतून-बाहेरून दोन्हीकडून मला ते माहितीये. पाचपैकी स्टार द्यायचे तर लग्नाची जागा म्हणून चार, शेजारी म्हणून दोन, आणि आता आमच्या वाडीतल्या काही जमिनींचा झोन (म्हणजे सरकारी नकाशात जमीन कशाला वापरायची ते) रहिवासाचा कमर्शियल करायचा जो प्रस्ताव आलाय त्याला एकही नाही.

आधी चांगलं ते सांगते. जागा मोकळी आहे, मागे डोंगर दिसतो, फोटो फार सुंदर येतात. स्टेज मोठं, वरपक्ष-वधूपक्षाला वेगवेगळ्या खोल्या, एसी चालू असतो, बाथरूम खरंच स्वच्छ, आणि एक बाई कायम तिथं असते पुसायला. जनरेटर आहे, लाइट गेली तरी कार्यक्रम थांबत नाही. जेवण त्यांच्याच आचाऱ्याचं घ्यावं लागतं, बाहेरचा केटरर चालत नाही, पण आचारी चांगलाय. मसालेभात मोकळा, मठ्ठा ताजा, जिलबी समोर तळतात, अळूची भाजी तर घरच्यासारखी. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांसाठी बसून पंगत पाहिजे होती तर त्यांनी कुरकुर न करता एका बाजूला टेबलं मांडून दिली, वाढपी पोरं आपल्याच गावातली आणि आजूबाजूच्या वाड्यांतली, अदबीने वाढतात. हिशोबात शेवटी थोडं इकडचं तिकडचं लावतात (साफसफाई चार्ज, डिझेल चार्ज वगैरे), ते बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. एवढं झालं की लग्नाची जागा म्हणून तक्रारीला जागा नाही.

आता रस्ता. मेन रोडपासून लॉन्सपर्यंत जो रस्ता येतो तो गावाचा जुना रस्ता आहे, डांबरी आहे पण दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकाला कडेच्या गवतात उतरावं लागतं. गोरज मुहूर्ताचं लग्न असलं की संध्याकाळी पाचपासून गाड्या सुरू होतात. लॉन्सचं स्वतःचं पार्किंग आहे पण मोठ्या तिथीला ते भरून जातं, मग गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, आमच्या दारात, शाळेच्या गेटसमोर, खाचराच्या बांधावर सुद्धा. मुहूर्त कधीच वेळेवर लागत नाही हे तर सगळ्यांना माहितीये, पुढारी येणार, त्यांचे सत्कार होणार, शुभेच्छांची भाषणं होणार, तोवर वऱ्हाड ताटकळत आणि रस्ता तुंबलेला. अशाच एका संध्याकाळी आमच्या आळीतल्या एका आजोबांना छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स मेन रोडला उभी राहिली आणि पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून तिथपर्यंत उचलून नेलं. आजोबा वाचले. पण त्या दिवसानंतर घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाने लग्नाच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवायला सुरुवात केली, हे काय जगणं झालं?

पुण्यातून येणाऱ्यांना चांदणी चौकातला पूल झाल्यापासून तिथून सुटायला सोपं झालंय, पण पुढे भूगावात पुन्हा अडकायला होतं आणि शेवटचा तुकडा तर आमचा हा रस्ता. बुकिंग करणाऱ्यांनी पाहुण्यांना वेळ सांगताना हे धरूनच सांगा.

आवाजाचं जरा सविस्तर लिहिते, कारण झोन बदलाचा सगळा खेळ मला याच्यातच जास्त कळला. लग्नाच्या दिवशीपेक्षा आदल्या रात्रीची हळद जास्त त्रासाची, डीजे असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली केंद्र सरकारने आणलेत, त्यात रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. व्यापारी भागाला हेच आकडे ६५ आणि ५५ होतात. खाजगी जागेत साउंड लावला असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. आता वाटेल की ५५ चे ६५ झाले तर काय मोठंसं, पण डेसिबल काही किलो-लिटरसारखे सरळ मोजले जात नाहीत, १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे उद्या हा भाग कागदावर कमर्शियल धरला गेला तर आज ज्या आवाजाबद्दल मी पोलिसांना ११२ ला फोन करू शकते तोच आवाज नियमात बसलेला म्हणून मला ऐकून घ्यावा लागेल. मी फोनवरच्या अॅपवर आमच्या ओसरीतून मोजून बघितलंय, ते काही पुरावा म्हणून चालत नाही, पोलिसांकडचं मशीनच लागतं, पण अंदाज येतो, आणि अंदाज असा की हळदीच्या रात्री आजची मर्यादा सुद्धा पाळली जात नाही. मालकाला फोन केला की ते आवाज कमी करायला लावतात हे खरंय, दहा वाजता बंदही होतो बऱ्याचदा. बऱ्याचदा म्हणजे नेहमी नाही. दहावी-बारावीची परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि लग्नांच्या तिथीही नेमक्या तेव्हाच असतात, माझी पुतणी बारावीला असताना कानात कापूस घालून अभ्यास करायची.

फटाक्यांचं वेगळंच. ते स्काय शॉट वर जाऊन फुटतात आणि जळके तुकडे खाली येतात, ते कुठं येतात तर ज्यांच्या अंगणात पेंढ्याची गंजी आहे त्यांच्याकडे. अजून काही पेटलं नाही हे नशीब.

पाण्याबद्दल बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. मुळशी म्हटलं की लोकांना धरण आठवतं, पाणीच पाणी वाटतं. पण ते धरण टाटांचं, त्याचं पाणी डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे जातं, त्यासाठी जमिनी बुडणार म्हणून १९२१ ला सेनापती बापटांसोबत इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. आज शंभर वर्षांनंतरही एप्रिल-मे मध्ये आमच्या वाडीत विहिरी तळाला जातात आणि टँकर येतो. लॉन्सवाल्यांनी बोअर खोल घेतलेत, शिवाय टँकर मागवतात, हिरवळ उन्हाळ्यात हिरवी ठेवायला पाणी लागतंच. आमच्या सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेली विहीर आता लवकर आटते, एकट्या लॉन्समुळेच आटते असं मी म्हणणार नाही कारण आजूबाजूला बंगल्यांचे प्लॉटही खूप पडलेत आणि प्रत्येकाचा बोअर आहे. पण भातखाचर म्हणजे काय ते समजून घ्या, बांध घालून पावसाचं पाणी महिनोन्महिने अडवून धरणारी जमीन असते ती, त्यातलं पाणी मुरतं म्हणून खालच्या विहिरींना पाझर टिकतो. एक खाचर सपाट करून पेव्हर ब्लॉक टाकले की तेवढं पाणी ओढ्याला पळून जातं. आता ज्या गटांवर कमर्शियलचा प्रस्ताव आहे त्यातले बरेचसे याच खाचरांचे आहेत, काही विकले गेलेत, पडीक आहेत, पण बांध अजून आहेत.

आणि प्लास्टिक. जूनमध्ये पाऊस पडला की उन्हाळ्यातल्या लग्नांचे ग्लास-चमचे ओढ्यातून वाहत येऊन आमच्या खाचरात बसतात. लावणी करताना चिखलात पाय घातला की फुटका ग्लास लागतो. इंद्रायणी तांदूळ घ्यायला हौसेने मुळशी-मावळात येणाऱ्यांनी हेही बघावं असं मला मनापासून वाटतं. याबद्दल मालकांशी बोललो तर त्यांनी माणूस लावून ओढ्याचा त्यांच्या बाजूचा काठ साफ करून घेतला, त्याचे त्यांना पूर्ण मार्क.

आता मुख्य विषय. लॉन्सला लागून असलेले आणि वाडीच्या आतपर्यंत येणारे काही गट रहिवास झोनमधून काढून कमर्शियल करायचा प्रस्ताव आहे. मालक एकटे नाहीत त्यात, अजून दोन-तीन जमीनवाले आहेत, बाहेरचे गुंतवणूकवालेही आहेत म्हणतात. आमच्याकडे कोणता नकाशा चालतो हे आधी सांगते कारण गावात निम्म्या लोकांचा इथंच गोंधळ होता. पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडा रद्दच केला. म्हणजे आमच्यासारख्या गावांना अजून १९९७ ची पुणे प्रादेशिक योजनाच लागू, आणि बांधकामाचे नियम डिसेंबर २०२० पासूनचे यूडीसीपीआरचे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीचे. १९९७ ला आमच्या वाडीत चार घरांत टीव्ही होता, त्या वेळच्या नकाशावर आजचे निर्णय चाललेत, म्हणून नकाशा बदलायला पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण तो सगळ्या भागाचा एकत्र विचार करून बदला, रस्ता पाणी शाळा दवाखाना सगळं धरून. चार गट उचलून त्यांचा रंग बदलणं म्हणजे नियोजन नव्हे.

प्रादेशिक योजनेत असा बदल करायचा तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम २० खाली सरकार राजपत्रात नोटीस काढतं आणि हरकती-सूचना मागवतं. पेपरातही छापून येतं, पण अशा नोटिशीची भाषा इतकी अवघड असते, गट नंबर आणि क्षेत्र हेक्टर-आर मध्ये, की आपल्याच दारातल्या जमिनीबद्दल लिहिलंय हे वाचूनही कळत नाही. आम्हाला कळलं ते गावातला एक मुलगा झेरॉक्स सेंटर चालवतो त्याच्यामुळे, त्याच्याकडे कुणीतरी नकाशाच्या प्रती काढायला आलं होतं. मग आम्ही बायकांनी बचत गटाच्या मीटिंगमध्ये तो विषय घेतला, सातबारे काढले, नकाशावर एकेक गट शोधून रंगवला, तेव्हा कुठं डोळ्यासमोर आलं की हे फक्त रोडला लागून नाहीये, पार मारुतीच्या देवळापर्यंत आत येतंय.

अफवाही भरपूर पसरल्या, त्या आधी खोडते. झोन कमर्शियल झाला म्हणून कुणाचं राहतं घर पाडत नाहीत, कमर्शियल झोनमध्ये माणसं राहू शकतात. दुसरं, रहिवास झोनमध्ये धंदा अजिबात चालत नाही हेही खोटं. किराणा दुकान, दवाखाना, क्लास असली कामं रहिवास झोनमध्ये चालतातच, आणि रस्ता रुंद असेल तर त्याहून मोठे वापरही चालतात, किती रुंद रस्त्यावर काय चालेल हे नियमात ठरलेलं आहे. मग मला सांगा, ज्याला गावाला उपयोगी पडेल असं दुकान काढायचंय त्याला झोन बदलायची गरजच काय? इथं जो अरुंद रस्ता आहे त्याच्यामुळे मोठ्या धंद्याला आपोआप लगाम बसतोय, आणि आज या वाडीचं संरक्षण म्हणून तेवढंच उरलंय.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. लॉन्समुळे गावातल्या पोरांना सीझनला काम मिळतं, फुलवाला, मांडववाला, बँडवाला, पाण्याच्या टँकरवाला सगळ्यांचं चालतं. ज्याची दीड एकर खडकाळ जमीन आहे आणि पोराच्या शिक्षणाचं कर्ज आहे त्याला चांगला भाव मिळणार असेल तर तो का नको म्हणेल? आमच्याच भावकीतले एक दीर प्रस्तावाच्या बाजूने आहेत, दिवाळीला फराळाला एकमेकांकडे गेलो पण हा विषय कुणी काढला नाही. मी त्यांना एवढंच म्हणते की भाऊजी, तुमची जमीन तुम्ही विका, चांगल्या भावाने विका, पण रहिवासच ठेवून विका, घरं येऊ देत, माणसं येऊ देत, आमची ना नाही.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही, की झोन जमिनीला लागतो, मालकाला लागत नाही. आत्ताचे लॉन्सवाले भले आहेत. फोन उचलतात, ओढा साफ करतात, यात्रेला वर्गणी देतात, शाळेच्या गॅदरिंगला जागा फुकट देतात. ते स्वतः घरी येऊन म्हणाले, "ताई, मी इथलाच आहे, मी काही वाईट होऊ देणार नाही." माझा त्यांच्या शब्दावर विश्वास आहे, खोटं कशाला बोलू. पण एकदा त्या गटांवर कमर्शियलचा रंग बसला की उद्या ते विकतील, नाहीतर त्यांची मुलं विकतील, आणि घेणारा जो असेल त्याला आमच्या आळीतल्या आजोबांचं काही देणंघेणं नसेल. तो तिथं लॉजिंग काढेल, शोरूम काढेल, मोठं हॉटेल काढेल, झोनमध्ये बसतंय म्हणून परवानगी मागेल आणि आमच्याकडे त्याला थांबवायला आजच्या मालकांनी तोंडी दिलेला शब्द एवढंच असेल. माणसाच्या चांगुलपणावर झोन ठरवता येत नाही. मालकांनी खरंच मनावर घ्यायचं तर आहे तेवढ्या जागेत, आहे त्या परवानगीत धंदा चालवावा, आम्ही कुणी त्यांच्या पोटावर पाय देत नाही.

ग्रामसभेत ठराव झाला आमच्या बाजूने, त्याचा आनंद आहे, पण ठरावाने झोनचा निर्णय होत नाही, तो अधिकार ग्रामपंचायतीला नाही, सरकारला आहे. ठराव हरकतीला जोडला तर वजन येतं, इतकंच. म्हणून आम्ही घरटी वेगळी हरकत दिली. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्सवर सह्या घ्यायचा विचार होता आधी, पण एका निवृत्त नगररचनावाल्या काकांनी सांगितलं की प्रत्येकाने स्वतःचा गट नंबर आणि स्वतःचा प्रत्यक्ष त्रास लिहा, म्हणजे सुनावणीत प्रत्येकाला बोलता येईल. त्यामुळे कुणी विहिरीबद्दल लिहिलं, कुणी रस्त्याची रुंदी टेपने मोजून फोटोसकट लावली, शाळेच्या बाईंनी परीक्षेच्या तारखा आणि हळदीच्या तारखा शेजारी-शेजारी लिहून दिल्या, ते तर फार चांगलं झालं. माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं मी लिहून घेतलं आणि त्यांनी अंगठा न देता सही केली, पंचाहत्तरीत शिकल्यात त्या सही. तुमच्या गावात असं काही चाललं असेल तर हरकत मुदतीत द्या, आणि दिल्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेची, नाहीतर नंतर तुमची हरकत होती हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

बुकिंग करणाऱ्यांसाठी, कारण शेवटी रिव्ह्यू त्यांच्याचसाठी आहे. मे महिन्यातल्या मोठ्या तिथी टाळता आल्या तर टाळा, दुपारचा मुहूर्त घ्या, पाहुण्यांसाठी मेन रोडपासून मिनीबस ठेवा (मालक ठरवून देतात, विचारलं तर), डीजेवाल्याला दहाची वेळ करारातच लिहा, स्काय शॉट नको म्हणा आणि प्लास्टिकच्या ग्लासांऐवजी स्टीलचे मागा, त्यांच्याकडे आहेत, आमच्या कार्यात आम्ही तेच वापरले. जिलबी नक्की ठेवा.

हरकती सगळ्यांच्या पोचल्यात, सुनावणीची नोटीस अजून आलेली नाही. आली आणि काय झालं की मी हाच रिव्ह्यू अपडेट करेन, आणि तोपर्यंत शेजारी म्हणून दिलेले दोन स्टार वाढवायचे असतील तर येत्या सीझनची पहिली हळद दहाला बंद करून दाखवा, मी स्वतः येऊन तीन करते.